माया ठेवून शिवा!

दोस्तांनो, पुढे वाचण्याआधी एक काम करायचंय. उठा आणि आपलं कपाट उघडा. कपाट नसेल तर खण, खण नसेल तर ट्रंक, तीही नसेल तर खुंटीवरचं गाठोडं. त्यातले उन्हाळ्यात घालायचे सगळे कपडे पलंगावर काढा आणि त्यांचे दोन ढीग करा. गेल्या एप्रिल-मे महिन्यांत जे कपडे तुम्ही पुन्हा पुन्हा घातलेत, म्हणजे दोरीवरून ओढून जवळजवळ ओलेच अंगात चढवलेत, ते एका बाजूला. बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला.

पहिला ढीग छोटासाच झाला ना? बहुतेकांचा तसाच होतो. त्यात काय असतं? एखादा विटलेला टी-शर्ट, दादाचा जुना शर्ट, नाडीचा सैल पायजमा, आजीच्या लुगड्यातून शिवलेला एखादा झगा. आणि दुसऱ्या ढिगात? मावशीच्या लग्नात घातलेला चमचमता ड्रेस, काखेत काचणारा टॉप, फोनवर चित्र बघून मागवलेला आणि एकाच धुण्यात तिरका झालेला शर्ट, आणि ‘सेलमध्ये एकावर एक फुकट’ मिळालेल्या दोन वस्तू, ज्यांतली एकसुद्धा कुणाला नको होती!

आता पहिल्या ढिगावर हात फिरवून बघा. मऊ आहे, सुती आहे, सैल आहे. कुठला कपडा चांगला, हे तुमच्या अंगाला केव्हाच कळलेलं आहे. हा ढीग थोडा मोठा कसा करायचा, तो वर्षानुवर्षं कसा टिकवायचा आणि दर उन्हाळ्याला दुकानात पळावं लागणार नाही असं काय करता येईल, हेच आज बघायचंय.

सुरुवात कापडापासून करू. उन्हाळ्यात आई-आजी ‘सुतीच घाल’ म्हणून मागे लागतात, त्यामागे चक्क विज्ञान आहे बरं का! आपल्याला घाम येतो तो अंग थंड करण्यासाठी. घामाचं बाष्प होताना ते अंगातली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम घाम वाळला की जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. पण त्यासाठी घाम वाळायला तर हवा! कापसाच्या धाग्याला पाणी आवडतं. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम कोरड्या सुतात आठेक ग्रॅम बाष्प मुरलेलं असतं. पॉलिएस्टरच्या शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नसतं. म्हणून सुती सदरा घाम टिपून घेतो, पसरवतो आणि वाळू देतो. साध्या पॉलिएस्टरचा, त्यातून घट्ट विणीचा सदरा घातला की घाम आत आणि आपण त्याच्या आत, अशी गत होते.

हे पॉलिएस्टर म्हणजे काय? १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. ते बनतं खनिज तेलापासून. पाण्याच्या ज्या प्लास्टिकच्या बाटल्या तुम्ही पिऊन फेकता, त्यांचं प्लास्टिक आणि हा धागा मुळात एकच पदार्थ. तुमच्या आजोबांना टेरिलीन, टेरीकॉट हे शब्द विचारून बघा, त्यांचे डोळे चमकतील. एका पिढीला त्या न चुरगळणाऱ्या कापडाचं भारी अप्रूप होतं. आणि त्याला सरसकट नावं ठेवायचीही नाहीत हं. मैदानावर धावताना घालायची पातळ जाळीदार जर्सी चटकन वाळते, ती पॉलिएस्टरचीच असते आणि तिथे ती शोभतेही. पण दुपारी बसस्टॉपवर उभं राहायचं असेल, खोलीत पंखा नसेल, गावी अंगणात झोपायचं असेल, तर सुती कापडाला तोड नाही.

आता यातही तुम्ही कुठे राहता हे महत्त्वाचं. चंद्रपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. तिथली हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते. तिथे उघडे हात म्हणजे थंड हात नव्हेत. उन्हाने आणि गरम वाऱ्याने ते उलट भाजतातच. म्हणून विदर्भातली माणसं डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळून, पूर्ण बाह्यांचे सैल कपडे घालून बाहेर पडतात. मुंबई, रत्नागिरी, पणजीला पारा तेवढा चढत नाही, पण हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळायचं नावच घेत नाही. तिथे कापड पातळ हवं, बाही आखूड चालेल, गळा मोकळा हवा. तेव्हा नागपूरच्या आत्येबहिणीचं बघून दादरच्या मुलीने, किंवा सिनेमातल्या कुणाचं बघून दोघींनीही, उन्हाळ्याचे कपडे ठरवू नयेत.

रंगाचं काय? पांढरा थंड, काळा गरम, असं आपण पाठ केलेलं असतं. उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या बाबतीत ते खरंच आहे. पण एक गंमत ऐका. वाळवंटातले बदाउनी लोक काळे झगे घालतात. ते का, याचा शोध काही शास्त्रज्ञांनी घेतला आणि १९८० साली ‘नेचर’ या पत्रिकेत तो छापून आला. नेगेवच्या वाळवंटात एका माणसाला भर दुपारी कधी काळा झगा, तर कधी पांढरा झगा घालून उभं केलं. (बिचारा!) काळा झगा स्वतः जास्त तापला, पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचलीच नाही. झगा सैल होता, आतून हवा खेळत होती. दोन्ही झग्यांत माणसाला सारखंच गरम झालं! याचा अर्थ तुमचा आवडता गडद निळा कुडता उन्हाळ्यासाठी बाद होत नाही. तो अंगाला चिकटत असेल तर मात्र होतो.

बरं, दुकानदार सांगतो, ‘प्युअर कॉटन आहे’. विश्वास ठेवायचा का? आधी कापड मुठीत घट्ट चुरगळा, दहा आकडे मोजा, सोडा. सुती कापडावर घड्या उमटतात. अजिबात सुरकुती पडली नाही तर कान टवकारा. घरी आणल्यावर शिवणीच्या आतला एखादा धागा काढून, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, चिमट्यात धरून ताटलीवर पेटवून बघता येतो. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापड असलं तर दोन्ही होतं. एकट्याने आणि पडद्याजवळ हा प्रयोग करायचा नाही, हे सांगायला नकोच.

विकत घेताना कापड उजेडासमोर धरून बघायची सवयही लावा. वीण सारखी आहे का? कुठे विरळ, कुठे दाट तर नाही? ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासा, रंग लागतो का बघा. तयार कपडा असेल तर आतली बाजू उलटून पाहा. खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. टाके लांब लांब, दोरे लोंबतायत, बटणाला दोनच वेढे, अशी अवस्था असेल तर बाहेरून तो कितीही झकास दिसू दे, परत टांगा.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. तुम्ही म्हणाल, ‘टिकाऊ कपडे म्हणे! आम्ही वाढतोय त्याचं काय?’ अगदी बरोबर. मोठ्या माणसांना हा प्रश्न नसतो. वाढीच्या ऐन वर्षात तुमची उंची आठ-नऊ सेंटीमीटरसुद्धा वाढू शकते. मग कापड दहा वर्षं टिकणारं असून उपयोग काय?

याचं उत्तर आपल्या शिंप्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याला त्यांनी शब्दही किती गोड दिलाय! शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला म्हणतात ‘माया’. ‘मास्तर, जरा माया ठेवून शिवा’ असं आई शिंप्याला सांगते ना, ते हेच. मूल वाढणार हे ठाऊक असलेल्या माणसाने ठेवलेलं ते कापड असतं. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंच-इंच आणि खाली तीन इंचांची दुमड ठेवली, तर साडेसात सेंटीमीटर उंची आणि बराचसा घेर त्या कपड्यात आधीच लपवून ठेवलेला असतो. उसवायचं, पुन्हा टीप मारायची, झालं! कारखान्यात शिवलेल्या स्वस्त कपड्याची शिवण उलटून बघा. सेंटीमीटरभरसुद्धा माया नसते. हजारो कपड्यांत तेवढं कापड वाचलं की कंपनीचे पैसे वाचतात. तो कपडा तुमच्या आजच्या मापाचा असतो, उद्याच्या नाही.

दुमड उसवली की तिथे गडद रेघ दिसते, कारण बाकीचं कापड विटलेलं असतं. वर्गातली टारगट मुलं ती रेघ बरोब्बर हेरतात. त्यावर जुना तोडगा म्हणजे त्या रेघेवरून एखादी पट्टी किंवा काठ लावायचा, किंवा रंगीत दोऱ्याने धावदोरा घालायचा. खणाची एक वीतभर रुंद पट्टी परकराला जी शोभा आणते, ती मुळात अशीच लांबी वाढवायला लावलेली असू शकते, हे बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

काही कपडे तर आपोआप वाढतात! गुडघ्याखालचा कुडता दोन वर्षांनी गुडघ्यावर येतो आणि आणखी दोन वर्षांनी त्याचा शर्ट होतो. नाडीचा पायजमा आधी तीन-चतुर्थांश होतो, मग त्याची अर्धी चड्डी. गुंडाळायचा घागरा किंवा लुंगी कधीच लहान होत नाही. नाडी ही तर मोठी अक्कलहुशारीची वस्तू आहे. चेन आणि हुक तुमच्या कमरेशी भांडतात, नाडी जुळवून घेते. मात्र खांदा वाढवता येत नाही. शिवताना सगळ्यात जास्त काळजी खांद्याची घ्यायची, तो बोटभर उतरता ठेवायचा. आणि बाही दंडाला आवळू लागली तर ती सरळ कापून बिनबाह्यांचा करायचा.

शिवून घेणं परवडतं का? सरळ हिशेब मांडू. समजा एक टी-शर्ट तीनशे रुपयांना मिळाला आणि सहा वेळा घातल्यावर तो वाकडा झाला, गोळे आले, तुम्ही घालायचा सोडलात. एका वेळेचे झाले पन्नास रुपये. समजा कापड आणि शिलाई मिळून नऊशे रुपयांचा कुडता झाला, आणि तो तीन उन्हाळ्यांत नव्वद वेळा घातला. एका वेळेचे दहा रुपये. महाग कुठला? पण हेही खरं, की नऊशे रुपये एकदम काढणं प्रत्येक घराला जमत नाही आणि स्वस्त कपडे खपतात ते काही सगळे हौसेनेच नाहीत. म्हणून तर माझं म्हणणं आहे की नवं कापड विकत घेणं हा शेवटचा उपाय. त्याआधी घरात काय आहे ते बघा.

घरात असते साडी! जुनी सुती पाचवारी म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास कापड, आणि तेही धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. त्यात दोन कुडते सहज निघतात. साडी विरते ती निऱ्यांच्या खालच्या काठाला आणि बसण्याच्या जागी, तेवढा भाग उजेडासमोर धरून वगळायचा. पदर बहुधा नव्यासारखा असतो, त्याची पाठ करायची. फक्त कात्री हातात घेण्याआधी आईला विचारा. ‘जुनी’ दिसणारी साडी तिच्या लग्नातल्या रुखवतातली निघाली, तर पुढचं मी काही सांगत नाही. बाबांच्या कॉलर झिजलेल्या शर्टाची कॉलर उलटून शिवता येते, किंवा काढून बंद गळ्याचा करता येतो.

नवीनच घ्यायचं झालं तर ताग्यातलं सुती कापड घ्या, किंवा हातमाग आणि खादी. या दोन्हींत फरक आहे, तो लक्षात ठेवा. हातमागाचं कापड हाताने विणलेलं असतं, पण त्याचं सूत गिरणीतलंही असू शकतं. खादीचं सूतही हाताने कातलेलं आणि वीणही हाताची. हाताने कातलेला धागा किंचित खडबडीत, कमी-जास्त जाड असतो. त्यामुळे कापडात हवेला जागा राहते आणि ते अंगाला सपाट चिकटत नाही. यंत्रमागाचं इचलकरंजीचं कापडही पुष्कळदा छान असतं. त्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि आज ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणून ते ओळखलं जातं. कापड घेताना पन्हा विचारायला विसरू नका. छत्तीस इंच पन्ह्याला जास्त मीटर लागतं, चव्वेचाळीसला कमी. आणि कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून पाण्यातून काढायचंच! सुती कापड पहिल्या पाण्याला मीटरमागे तीन-पाच सेंटीमीटर आटू शकतं. शिवल्यावर आटलं तर सगळी माया तिथेच संपली.

अजून एक सांगते. एप्रिलमध्ये शिंप्याकडे जाऊ नका. लग्नसराईत तो तुम्हाला दारातसुद्धा उभं करणार नाही. फेब्रुवारीत, परीक्षेच्या गडबडीआधी, मापं देऊन टाका.

आता तुम्हाला प्रश्न पडेल, की एवढं सगळं करण्यापेक्षा फोनवर बोट दाबलं की दोनशे रुपयांत शर्ट दारात येतो, त्यात वाईट काय? मुळात तो दोनशेत बसतो कसा, ते बघू.

‘फास्ट फॅशन’ हा शब्द गाजायला लागला १९८९ च्या अखेरीपासून. न्यू यॉर्कमध्ये एका स्पॅनिश कंपनीचं दुकान उघडलं तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने कौतुकाने लिहिलं, की यांच्याकडे नवी कल्पना सुचल्यापासून पंधरा दिवसांत कपडा दुकानात येतो. पूर्वी याला काही महिने लागत. आता तर त्याहूनही घाई झाली आहे. नवीन रोज यायला हवं, स्वस्त यायला हवं, मग कुठेतरी काटकसर आलीच. ती कापडात होते, शिवणीत होते आणि शिवणाऱ्या माणसांत होते.

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर नावाचं गाव आहे. तिथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खाली दुकानं आणि एक बँक, वर कपडे शिवण्याचे कारखाने. तिथले कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जात. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीच्या भिंतींना तडे गेलेले दिसले. बँक आणि दुकानं बंद झाली. कारखान्यातल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, कारण माल वेळेवर द्यायचा होता. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली. ११३४ माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. त्यांत बहुसंख्य बायका होत्या, पुष्कळशा तुमच्या मोठ्या ताईच्या वयाच्या. आपल्या शर्टाच्या टिपा कुणीतरी मशीनवर बसून मारलेल्या असतात, कपडे शिवणारं बटणाचं यंत्र अजून निघालेलं नाही, हे त्या दिवशी जगातल्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदा जाणवलं.

दुसरी बाजू ढिगाऱ्याची. चिलीमधल्या अटाकामा वाळवंटात, आल्तो ऑस्पिसिओ या गावाजवळ, जगभरचे न खपलेले आणि वापरून टाकलेले कपडे डोंगर करून फेकले गेले आहेत. काहींवर किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच! पॉलिएस्टर कुजत नाही. आफ्रिकेतल्या घानामध्ये अक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या या कपड्यांना तिथले लोक म्हणतात ‘मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे’. एवढे कपडे जिवंतपणी कुणी टाकून देईल, हे त्यांना सुरुवातीला खरंच वाटेना!

आणि सुती कापड म्हणजे धुतल्या तांदळासारखं, असंही समजू नका. कापसाला पाणी लागतं. एका सुती टी-शर्टामागे २७०० लिटर पाणी, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० नंतर आटत गेला, कारण त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं. आपल्याकडे कापसाखाली सगळ्यात जास्त जमीन महाराष्ट्रातच आहे आणि यवतमाळ-वर्ध्याकडची तुमची दोस्तमंडळी सांगू शकतील, की बोंडअळी आणि लहरी पाऊस यांच्यात तो पिकवणं किती जिवावरचं काम आहे. बोंडं वेचून वेचून बायकांची बोटं सोलवटतात. इतक्या कष्टाने आलेलं सूत सहा वेळा घालून फेकायचं, हे मला तरी सहन होत नाही.

पण मित्रांमध्ये हसं होतं त्याचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. ‘हा तोच शर्ट ना, सहलीला घातलेला?’ असं कुणी म्हणालं की कान गरम होतात. फोटो काढले जातात, ते सगळ्यांना दिसतात, आणि फोटोत एकदा दिसलेला कपडा पुन्हा घालायचा नाही असा एक विचित्र नियम कुणीतरी करून ठेवलाय. थोरल्या भावंडांचे कपडे घालणाऱ्याला तर जास्तच ऐकून घ्यावं लागतं. याच्यावर जादूचा मंत्र माझ्याकडे नाही. एक गोष्ट मात्र करता येते. आपला एखादा कपडा पूर्णपणे आपला करून टाकायचा. दोऱ्याने खिशावर काहीतरी भरायचं, बटणं बदलायची, कॉलरला वेगळ्या कापडाची आतली पट्टी लावायची. दहा मुलांनी एकाच दुकानातला एकच टी-शर्ट घातलेला असतो, तेव्हा लाकडी बटणांचा कुडता उठून दिसतो. आणि दोन-तीन मैत्रिणींनी मिळून सुट्टीत कपड्यांची अदलाबदल करून बघा. तुझा जो मला होतो तो मला, माझा जो तुला होतो तो तुला. नवं घातल्याचा आनंद तोच, खर्च शून्य.

वस्तू टिकवायची तर दुरुस्ती यायलाच हवी. आणि मुलांनो, हे फक्त मुलींसाठी नाही! शिंपी, रफूगार यांतले किती पुरुष असतात ते आठवा. या सुट्टीत तीनच गोष्टी शिका: बटण लावणं, उसवलेल्या शिवणीला हातटीप घालणं आणि खालची दुमड टाचणं. बटण लावताना बटणाखाली एक काडी ठेवून टाके घाला, मग काडी काढून दोऱ्याचे तीन-चार वेढे त्या टाक्यांभोवती गुंडाळा. बटणाला मान येते आणि ते वर्षानुवर्षं हलत नाही. भोक लहान असतानाच टाका घातला तर दोन मिनिटं लागतात. तेच आठवडाभर बोट घालून मोठं केलं, तर ठिगळच.

उन्हाळ्यातला खरा शत्रू म्हणजे डाग. आंब्याचा डाग पडला की आधी लगेच साध्या पाण्याने धुवायचा, मग साबण लावून कडक उन्हात टाकायचा. आंब्याचा पिवळा रंग उन्हाने उडतो. हळदीचंही तसंच, साबण लागल्यावर हळदीचा डाग लालभडक होतो, तेव्हा घाबरू नका, धुऊन उन्हात टाका. पांढऱ्या कपड्यांचं हे झालं. रंगीत कपडा मात्र उलटा करून सावलीतच वाळवायचा, नाहीतर डागाबरोबर रंगही जाईल. काजूच्या बोंडूचा डाग पडला तर काय करायचं? काही नाही! कोकणातल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो जन्मात जात नाही. म्हणून बोंडू खायला जाताना घालायचा एक सदरा तिथे वेगळाच ठेवलेला असतो.

घामाचा कपडा तसाच गुंडाळून ठेवायचा नाही, त्याच रात्री निदान पाण्यातून काढायचा. घामातल्या मिठाने आणि तेलकटपणाने काखेतलं कापड आधी पिवळं पडतं, मग विरतं.

एवढं करूनही कपडा एक दिवस थकतोच. मग त्याचं उशीचं अभ्रं होतं, त्याहून थकला की पायपुसणं, मग फरशी पुसायचं फडकं. मऊ साड्या-धोतरं थर देऊन, धावदोऱ्याने जोडून त्यांची गोधडी होते. मे महिन्यात गच्चीवर झोपताना खाली गोधडीच हवी. बोहारीण तुमच्याकडे अजून येत असेल तर जुन्या कपड्यांवर ती एखादं पातेलं देऊन जाईल. तिच्याशी घासाघीस करणाऱ्या आजीशेजारी बसून ते एकदा जरूर ऐका.

सात जूनच्या आसपास ढग दिसू लागले की उन्हाळी कपडे आत ठेवायची वेळ झाली. सगळे स्वच्छ धुऊन, कडकडीत वाळवून. खळ किंवा स्टार्च केलेला कपडा तसाच ठेवायचा नाही, कसर ती खळ खायला येते आणि बरोबर कापडही खाते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल कोंडून बुरशी धरते. जुन्या चादरीत बांधा, मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर आजची तारीख आणि आपली उंची लिहा, आणि त्याखाली कुठल्या कपड्यात किती माया शिल्लक आहे ते. निळा कुडता, खाली दोन इंच. पट्ट्यांचा पायजमा, दीड इंच. पांढरा सदरा, बाजूला अर्धा इंच, खाली काही नाही. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत काय उसवायचं आणि काय धाकट्याला द्यायचं, हे कपाट उघडल्या उघडल्या कळेल.